एचआयव्हीच्या पेशंटला गोळ्या मिळतात, हात कोण लावणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ डिसेंबर आला की सगळ्या पेपरात एड्सवर एक पान येतं. लाल रिबिनीचा फोटो, जिल्ह्यात नवे पेशंट किती सापडले, गरोदर बायकांच्या तपासण्या किती झाल्या, कॉलेजच्या पोरापोरींची रॅली. चांगलंय, यायलाच पाहिजे. पण मी बरीच वर्षं सांगली जिल्ह्यात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करतेय आणि ते पान वाचलं की दरवेळी वाटतं, अहो जी माणसं पंधरा-वीस वर्षं गोळ्या खाऊन जगतायत, नोकरी करतायत, नातवंडं सांभाळतायत, त्यांच्या अंगाचं काय? गुडघे, कंबर, मान, तळपाय यांचं काय? त्यावर एक ओळ नसते. म्हणून हे पत्र लिहितेय, लांब होईल, काटछाट करायला तुम्ही आहातच.

सरकारनं एआरटीच्या, म्हंजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट द्यायला १ एप्रिल २००४ ला सुरुवात केली, मुंबईचं जेजे हॉस्पिटल पहिल्या यादीत होतं. तेव्हा तिशीत गोळ्या चालू केलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. हे किती मोठं काम झालंय ते आमच्या पिढीला माहितीये, कारण त्याआधी माणूस कसा जायचा ते आम्ही शिकत असताना वॉर्डात बघितलंय. आज देशात साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसोबत जगतायत आणि त्यातले सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास. म्हंजे तुमच्या गल्लीत, तुमच्या बँकेच्या रांगेत कोणीतरी असणारच, फक्त तुम्हाला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

पण ही माणसं जगली ती काही फुकटात नाही जगली. सुरुवातीच्या त्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडीन नावाचं औषध असायचं, स्वस्त होतं, जीव वाचवायचं, पण नसांची पार वाट लावायचं आणि चरबी खायचं. गाल आत गेलेले, हातापायाच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, आणि बसायच्या जागेवरची चरबी इतकी गेलेली की लाकडी बाकावर बसता येत नाही म्हणून शाल घडी करून पिशवीत ठेवणारी माणसं मी बघितलीत. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की हे औषध हळूहळू बंद करा, मग आपल्याकडेही बदललं, आता डोल्युटेग्रावीर असलेली एकच गोळी असते दिवसाला, खूपच बरी आहे ती. पण नसा ज्या गेल्या त्या गेल्या.

त्या नसांमुळे तळपायाची आग होते. ती काय असते हे ज्याला होते त्यालाच कळतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींचं सांगते, ओळख पटेल असं काही सांगत नाही. रात्री अंथरुणावर झोपायच्याच नाहीत, स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर पाय टेकवून भिंतीला पाठ लावून बसायच्या, ओलं फडकं पायावर. पांघरुणाचा स्पर्श झाला तरी सुया टोचल्यासारखं व्हायचं आणि तेच पाय दिवसा एवढे बधिर की चप्पल पायातून निसटलेली कळायची नाही. मी खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला तर त्यांनी झटकन ओढून घेतला आणि म्हणाल्या, "ग्लोज संपलेत काय मॅडम? मी थांबते की, आणा." मला क्षणभर कळेचना काय म्हणतायत. मग कळलं की त्यांना खरंच वाटलं स्टॉक संपलाय आणि संकोचाने मी तसंच चालवून घेतेय.

तर त्या पायाला मी काय करते ते नीट लिहिते, कारण घरच्यांना करता येण्यासारखं आहे. आधी पाय उजेडात धरून बघायचा, बोटांच्या बेचक्यात, टाचेला, कुठे चीर, फोड, कुरूप आहे का. बधिर पायाला जखम झालेली माणसाला कळत नाही. मग पोटरीपासून खाली यायचं, एकदम तळव्याला हात नाही घालायचा. पोटरी सैल झाली की घोटा गोल फिरवायचा, मग तळहाताने पूर्ण तळवा धरून नुसता दाब द्यायचा, हलकं गुदगुल्यासारखं चोळायचं नाही कारण त्या हलक्या चोळण्यानेच आग वाढते, सावकाश आणि भरीव दाब त्यांना सोसतो. मग अंगठ्याने बोटांच्या हाडांमधल्या खाचा, मग एकेक बोट हलकेच ताणायचं. पंधरा-वीस मिनिटं झालं. आपल्याकडे काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासायची जुनी पद्धत आहेच, बऱ्याच जणांना त्याने थंड वाटतं, करायला माझी काहीच हरकत नाही, फक्त बधिर पायाला वाटी जोरात घासली तर साल निघते आणि पेशंट ओरडत नाही, म्हणून बघत बघत करायचं. आणि गरम पाण्याची पिशवी, गरम वाळूचा शेक, कढत तेल यातलं काही म्हंजे काहीही नाही. पाणी घ्यायचंच तर दुसऱ्याने कोपर बुडवून बघायचं.

याने काय होतं? नस परत येते का? नाही. व्हायरस कमी होतो का? अजिबात नाही. झोप लागते. दोन-तीन रात्री बऱ्या जातात, मग परत येतात. ज्याला महिनोन् महिने झोप नाही त्याला विचारा दोन रात्रींची किंमत. (आणि हो, तळपायाची आग झाली की सगळं एचआयव्हीवर ढकलू नका, शुगर बघा, दारू विचारा, टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड चालू आहे का आणि त्याबरोबरची बी-६ ची गोळी पेशंट खरंच घेतोय का ते बघा. बी-६ ची ती गोळी "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून घरी डब्यात पडून असते.)

आता मूळ दुखणं. ही माणसं मान धरली, खांदा आखडला म्हणून फिजिओकडे जातात तेव्हा काय होतं? आमच्याच धंद्यातलं सांगते, राग आला तर येऊ दे. एआरटीचं पुस्तक, म्हंजे गोळ्यांची नोंद असलेली वही, बघितलं की कित्येक ठिकाणी हात लावायचं बंद होतं. कोणी सरळ नाही म्हणत नाही हो, आता सगळे हुशार झालेत. "मॅडम सुट्टीवर आहेत", "संध्याकाळी फोन करून या", नाहीतर सगळ्यात सोपं, मशीन लावून मोकळे. शेजारच्या शहरातल्या एका चांगल्या चालणाऱ्या क्लिनिकात तर माझ्या एका पेशंटला टेन्सचे (दुखऱ्या भागाला हलका करंट देणाऱ्या मशीनचे) पॅड हातात दिले आणि आरशात बघून स्वतःच मानेला चिकटवायला सांगितले, अटेंडंट लांबून बटण फिरवत होता. पैसे पूर्ण घेतले. घरी पाठवताना ती खुर्ची पुसलेली पेशंटनं बघितली. मग दुसऱ्या वेळी तो माणूस काय करतो? पुस्तक दाखवतच नाही. सांगतच नाही. आणि मग आम्हीच म्हणतो की हे लोक लपवतात.

अरे पण शास्त्र काय सांगतं ते तरी बघा ना. अखंड कातडीतून, घामातून, थुंकीतून, हात फिरवून एचआयव्ही पसरत नाही, हे आठवीच्या पोराला पाठ आहे आणि डिग्री घेतलेल्यांना नाही. हातमोजे लागतात ते उघडी जखम, रक्त, पू असेल तिथे किंवा माझ्या हाताला काप असेल तर, आणि ते प्रत्येक पेशंटला लागतात, कारण कोणाला काय आहे ते कपाळावर लिहिलेलं नसतं. जो स्वतःहून सांगतो तो गोळ्या घेत असतो, बहुतेक वेळा त्याचा व्हायरल लोड, म्हंजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, तपासणीत सापडतही नाही इतका खाली असतो, असा माणूस गोळ्या नीट चालू ठेवत असेल तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला देत नाही हे मोठमोठ्या अभ्यासांत सिद्ध झालंय. जो सांगत नाही कारण त्यालाच माहीत नाही, त्याला तुम्ही रोज बिनधास्त मालिश करता. मग भीती नक्की कशाची?

आणि कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं किंवा वेगळी वागणूक देणं त्यात बसत नाही, पेशंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगणं बसत नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमायचाय, राज्याने या कायद्याखालच्या तक्रारी ऐकायला लोकपाल नेमायचाय. किती पेशंटना हे माहितीये? बोर्ड कुठे लागलाय? तुमच्या बातमीदाराला एकदा दहा हॉस्पिटलं फिरून "तक्रार अधिकारी कोण" एवढंच विचारायला सांगा, बातमी आपोआप होईल. त्याच कायद्यात कामगारांचीही बाजू आहे बरं का, मोजे, ट्रेनिंग, आणि सुई टोचली तर तातडीची औषधं, ही मालकाने द्यायची आहेत. तातडीची म्हंजे जमलं तर दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत, पुढे २८ दिवस. मालिशला याची वेळच येत नाही पण ड्राय नीडलिंग (दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचणं) करणाऱ्यांनी पाठ करून ठेवावं.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दल, कारण एकाच बाजूने बोलले तर ते बरोबर नाही. "मालिशने सीडी४ वाढवा", "पंचकर्माने एचआयव्ही निगेटिव्ह" असल्या जाहिराती (सीडी४ म्हंजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रक्तातल्या संरक्षक पेशी) मोबाईलवर येतात, माझ्या पेशंटना येतात, ते मला पाठवतात. काही जण त्यांच्या नादी लागून गोळ्या सोडतात आणि मग सहा महिन्यांनी न्यूमोनिया नाहीतर टीबी घेऊन दवाखान्यात. यांच्याकडे दाखवायला एक कागद असतो, तो खोटा नसतो, अर्धा असतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मायामीत एक छोटा अभ्यास झाला, २९ पुरुष, त्यातले २० एचआयव्ही बाधित, महिनाभर जवळजवळ रोज पाऊण तास मालिश, आणि रक्तातल्या एका प्रकारच्या मारक पेशी वाढलेल्या दिसल्या, ताण कमी झाला. पण सीडी४ वाढल्या नाहीत, हे जाहिरातीत नसतं. नंतर डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बाधित लहान मुलांवर केलं, आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, बारा आठवडे, त्यांना त्या वेळी गोळ्याच मिळत नव्हत्या, आणि मालिश झालेल्या मुलांची प्रतिकारशक्ती थोडी टिकलेली दिसली. माझ्या मते त्यातून घ्यायचं ते एवढंच की गोळी नव्हती तेव्हा हाताने थोडा आधार दिला. २०१० मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हंजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं, असे सगळे अभ्यास चाळले तर निकषात बसणारे चारच निघाले, तेही लहान आणि दर्जाने कच्चे. निष्कर्ष काय तर जगणं थोडं सुसह्य होतं असा थोडा पुरावा आहे, विशेषतः ताण कमी करायच्या इतर उपायांसोबत दिलं तर. व्यायामाचा पुरावा मात्र याहून बराच भक्कम आहे, चालणं आणि वजन उचलायचे साधे व्यायाम, आठवड्यातून तीनदा. म्हणून माझ्याकडे नुसती मालिश करून घ्यायला कोणी आलं तर मी शेवटची दहा मिनिटं त्यांना खुर्चीवरून उठबस करायला लावतेच, शिव्या खाऊन.

मग एवढा कच्चा पुरावा तर हट्ट कशाला, असं कोणी विचारेल. कारण मान आखडली की साध्या माणसालाही आपण हात लावूनच मोकळी करतो ना, तिथे कोणी कॉक्रेन विचारत नाही. एचआयव्ही आहे म्हणून मान वेगळी नसते. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या जनरल हॉस्पिटलात १९८३ मध्ये एड्सचा पहिला वॉर्ड उघडला, ५बी म्हणायचे त्याला, तेव्हा औषध काहीच नव्हतं, नर्सेसनी ठरवलं की निदान माणसाला हात तरी लावायचा, मोजे न घालता हात धरायचा, पाठ चोळायची. औषध शून्य असताना त्यांनी जे केलं ते औषध असताना आपल्याला जमू नये?

आता धोके, आणि इथे मी आमच्या लोकांना आणि हाडवैद्यांना दोघांनाही हात जोडून सांगते. एचआयव्हीच्या पेशंटची कंबर किंवा पाठ महिनाभर दुखतेय, रात्री जास्त, संध्याकाळी कणकण, वजन कमी, तर तो मणक्याचा टीबी समजूनच चालायचं जोवर एक्सरे-एमआरआय नाही म्हणत नाही. अशा पाठीवर "कट्" आवाज काढायला गेलात तर पाय जातील माणसाचे. दुसरं, जांघेत दुखतंय, मांडी घालून बसता येत नाही, लंगडतोय, याला "शीर दबली" म्हणून तेल चोळत बसतात वर्ष वर्ष, आणि आत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन तो गोळा खचत चाललेला असतो, हे या पेशंटमध्ये इतरांपेक्षा जास्त बघायला मिळतं. त्याला चोळून काही होत नाही, लवकर एमआरआय केला तर खुबा वाचायची काही शक्यता तरी असते. एआरटीतल्या टेनोफोवीर या औषधाने हाडं थोडी ठिसूळ होतात, म्हणून वयस्कर पेशंटच्या बरगड्यांवर, मानेवर जोर नाही. ताप असेल, नागीण उठली असेल, प्लेटलेट कमी असतील, एकच पोटरी सुजून लाल-गरम झाली असेल तर हातच नाही लावायचा, आधी डॉक्टर. आणि कपिंग करून (कातडीवर कप लावून) रक्त काढणारे, त्यांच्याकडे ब्लेड तुमच्यासमोर नवीन फोडतात का ते बघा, हे एचआयव्ही असणाऱ्यांनी आणि नसणाऱ्यांनीही.

हाडांवरून आठवलं. आम्ही फिजिओ, ऑर्थोवाले, मेडिकलवाले सगळेच "कॅल्शियम घ्या" सांगत सुटतो. डोल्युटेग्रावीरसोबत कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीची अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली गोळी उपाशीपोटी एकत्र घेतली तर डोल्युटेग्रावीर पोटात नीट शोषलंच जात नाही. एआरटीची गोळी आधी दोन तास किंवा नंतर सहा तास असं अंतर ठेवायचं, नक्की कसं ते एआरटी सेंटरवर विचारायचं. पण विचारणार कसं, जर आमच्यासमोर त्याने एचआयव्ही आहे हे सांगितलंच नाही? परत गाडी तिथेच येते, की पेशंटला सांगावंसं वाटेल असं आम्ही वागतो का.

छातीचं राहिलं. टीबी होऊन बरे झालेले खूप जण असतात, फुप्फुसात पोकळी झालेली, रोज सकाळी कफ अडकतो. त्यांना पालथं झोपवून पाठीवर ओंजळ करून थाप मारायची, कंपन द्यायचं, कफ मोकळा होतो. हे बायको, मुलगा कोणीही शिकू शकतो, मी शिकवते. थुंकीत रक्त येत असेल तर मात्र करायचं नाही.

मागणी म्हणाल तर फार मोठी नाही. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत एआरटी सेंटर आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याच आवारात फिजिओथेरपीची ओपीडी पण आहे. मधे असतो एक कॉरिडॉर. पेशंट महिन्या दोन महिन्यांनी गोळ्या न्यायला येतो, वजन होतं, टीबीचे चार प्रश्न विचारतात. त्यात एक पाचवा प्रश्न घाला, "कुठे दुखतं का, झोप लागते का", आणि उत्तर हो असेल तर चिठ्ठी फाडा फिजिओकडे. चिठ्ठीवर एचआयव्ही लिहायची गरज नाही, तळपायाची आग किंवा मान आखडली एवढं पुरे. त्याच दिवशी, कारण माणूस रोजगार बुडवून, दोन एसट्या बदलून आलेला असतो, पुन्हा मंगळवारी या म्हटलं की तो येत नाही. आणि महिन्यातून एकदा काउन्सिलरच्या खोलीत घरच्यांना पाय कसा चोळायचा ते शिकवा, त्याला ना मशीन लागतं ना बजेट, एक तेलाची बाटली लागते.

तेलावरून एक, आणि हे छापायला संकोच वाटला तरी छापाच. खोबरेल असो, तिळाचं असो, कुठलंही तेल हाताला असताना कंडोम वापरू नका, लॅटेक्स तेलाने पटकन कमजोर होऊन फाटतं. नवरा-बायको एकमेकांना मालिश करतात, चांगलीच गोष्ट आहे, पण मधे साबणाने हात आणि अंग धुवा.

फिजिओ कॉलेजच्या मास्तरांना पण एक विनंती. इंटर्नशिपच्या पोरांना हाडांचा वॉर्ड, नसांचा वॉर्ड, आयसीयू सगळीकडे फिरवता, पंधरा दिवस एआरटी सेंटरला पाठवा. लेक्चर नको, नुसतं बसवा तिथे आणि दोन पेशंटच्या मानेला हात लावू दे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी पहिल्या दिवशी घाबरतात, लपवत नाही मी, दुसऱ्या आठवड्यात त्यांचं लक्ष पूर्णपणे खांद्याची मूव्हमेंट किती अंशांनी वाढली यावर असतं, एचआयव्ही विसरूनच जातात. पेशंटला तेच हवं असतं.

माहितीसाठी नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) हेल्पलाईन १०९७ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, ती चौकटीत मोठ्या अक्षरात टाकली तर बरं.

पत्राखाली माझं नाव आणि गाव छापू नका. भीती वगैरे काही नाही मला, पण नाव छापलं की उद्यापासून माझ्या क्लिनिकच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाकडे समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक बघत बसतील, आणि त्यात गुडघ्यासाठी येणाऱ्या शेजारच्या आजी पण आल्या.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सांगली जिल्हा